‘बजेटच्या मानाने बरा’

पाच पात्रे, दोन खोल्या, एक जुनी मोटार आणि एक प्रेत एवढ्या सामग्रीवर उभा केलेला एक गुन्हेपट नुकताच पाहिला आणि त्यानंतर प्रेक्षकांनी त्याच्याविषयी लिहिलेली शंभरेक मते वाचून काढली. चित्रपट दीड तासाचा होता. मते वाचायला त्याहून जास्त वेळ लागला आणि करमणूकही त्याहून जास्त झाली, हे कबूल केले पाहिजे. मतांचे सरळ दोन तट पडले होते. पहिल्या तटाचे म्हणणे, ‘बजेटच्या मानाने बरा आहे, नवीन मंडळी आहेत, सांभाळून घ्या.’ दुसऱ्या तटाचे म्हणणे, ‘तिकीट पूर्ण घेतले, मग आम्ही सवलत का द्यायची?’ दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडल्या होत्या. पण थोडे थांबून वाचले तर लक्षात येत होते की भांडण पैशाचे चालले आहे, चित्रपटाचे नाही. एका बाजूने निर्मात्याचा खिसा मोजला होता, दुसऱ्या बाजूने स्वतःचा. पडद्यावर काय घडले, याविषयी दोघांकडेही सांगण्यासारखे फारसे नव्हते.

माझे म्हणणे असे आहे की कमी खर्चात केलेल्या थरारपटाला सवलतीचे गुण देणे जितके चूक आहे, तितकेच त्याला मोठ्या चित्रपटाची फूटपट्टी लावणेही चूक आहे. त्याच्यातली प्रत्येक उणीव हातात घेऊन एकच प्रश्न विचारायला हवा: ही उणीव पैशाअभावी राहिली की विचाराअभावी? हा प्रश्न ज्या मतात विचारलेलाच नाही, ते मत फार तर आकड्यात मिळवता येईल. त्यातून दुसऱ्या प्रेक्षकाला किंवा खुद्द दिग्दर्शकाला काही कळणार नाही.

आधी सवलत नाकारणाऱ्यांची बाजू घेऊ, कारण ती दिसते त्यापेक्षा भक्कम आहे. प्रेक्षक चित्रपटाला जे देतो त्यात पैशापेक्षा वेळ मोठा असतो, आणि दीड तास हा दीड तासच असतो. निर्मात्याने कर्ज काढले म्हणून तो सव्वा तासाचा होत नाही. शिवाय सवलत मागण्यात एक छुपा अपमान आहे. ‘बजेटच्या मानाने’ असे ज्याच्याविषयी म्हणतात, त्याला आपण बरोबरीच्या पंक्तीतून उठवून वेगळ्या पानावर बसवलेले असते. हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) सुमारे ८ लाख डॉलरमध्ये, कृष्णधवल फिल्मवर, त्याच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या तंत्रज्ञांना हाताशी धरून झाला. त्याच्या हातात असलेल्या साधनांच्या मानाने हा काटकसरीचाच कारभार होता. त्याबद्दल ‘खर्चाच्या मानाने बरा’ असे आज कोणी म्हणेल काय?

तरीही ही बाजू एका ठिकाणी लंगडी पडते. सवलत नको, हे खरे. पण मग मोजायचे कशाने? या तटातल्या बहुतेक मतांत ‘रिच वाटत नाही’, ‘टीव्ही मालिकेसारखा दिसतो’, ‘ॲक्शन कमी आहे’ अशा तक्रारी होत्या. म्हणजे अपेक्षा अशी की गल्लीतल्या दुकानदाराच्या हाताने झालेल्या खुनाच्या गोष्टीतही चार मोटारी उलटाव्यात. गुन्ह्याच्या गोष्टीला श्रीमंती दिसण्याशी मुळात कर्तव्य काय? या चित्रप्रकाराचा इतिहास तर उलटच सांगतो.

१९३० आणि १९४० च्या दशकांत अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवले जात. मुख्य चित्रपटाच्या उत्पन्नात निर्मात्याचा टक्का असे. जोडीचा ‘बी’ चित्रपट मात्र ठरावीक भाड्याने दिला जाई. तो लोकांना आवडो वा न आवडो, भाडे तेवढेच. त्यामुळे त्यावर पैसा ओतण्यात कोणालाच रस नव्हता, आणि त्याच कारणाने त्यात काय चालले आहे याकडेही कोणाचे बारीक लक्ष नव्हते. या दुर्लक्षाच्या आडोशाला गुन्हेपटाची एक अख्खी शैली वाढली. दिवे कमी, म्हणून अंधार जास्त. भिंत रंगवायला पैसे नाहीत, म्हणून भिंतीवर फक्त खिडकीच्या पट्ट्यांची सावली. पुढे फ्रेंच समीक्षकांनी याला ‘फिल्म न्वार’ असे भारदस्त नाव दिले आणि मग धनिक चित्रपटही मुद्दाम खर्च करून तोच अंधार विकत घेऊ लागले.

यातले एक दृश्य जवळून पाहण्यासारखे आहे. जोसेफ एच. लुईस यांच्या ‘गन क्रेझी’ (१९५०) मध्ये एक जोडपे बँक लुटते. साधा हिशेब केला तर या प्रसंगाला बँकेचा सेट लागतो, रोखपाल, ग्राहक, पहारेकरी लागतात, आणि दिवसभराचे चित्रीकरण लागते. लुईसने कॅमेरा मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवला आणि तो गाडीबाहेर काढलाच नाही. आपण त्या दोघांच्या पाठीमागे बसून गावात शिरतो. ती दोघे गाडी लावायला जागा मिळेल का, याची चिंता करत असतात. हे बोलणे नटांनी आयत्या वेळी रचलेले होते, आणि दरोड्याला निघालेल्या माणसांना दुसरे काय सुचणार? तो उतरून आत जातो. कॅमेरा बाहेरच. तेवढ्यात एक पोलीस येऊन फुटपाथवर उभा राहतो, ती गाडीतून उतरून त्याच्याशी हसून बोलू लागते आणि आपण काचेआडून ते पाहत राहतो. बँकेत काय चालले आहे, हे दिसत नाही. मग घंटा वाजते, तो धावत बाहेर येतो, आणि गाडी सुटते. सुमारे साडेतीन मिनिटे, एकही कट नाही. बँकेचा सेट उभारला असता तर आपण दरोडा पाहिला असता. सेट नसल्यामुळे आपण दरोड्यात सामील झालो. इथे ‘बजेट कमी असूनही’ हा शब्दप्रयोग लटका पडतो. ते दृश्य कमी पैशांवर मात करून चांगले झालेले नाही, कमी पैशांच्याच हाताने घडलेले आहे.

आता सांभाळून घ्या म्हणणाऱ्यांची बाजू. तीही पोकळ नाही. काही गोष्टींना पैसाच लागतो आणि त्या हुशारीने भरून निघत नाहीत. ध्वनी ही त्यातली पहिली. मी पाहिलेल्या चित्रपटात चौकशीचा एक लांब प्रसंग आहे, ज्यात छताचा पंखा इतका घुरघुरतो की संशयिताचे निम्मे बोलणे त्यात बुडते. पंखा बंद करून चित्रीकरण केले असते तरी खोलीचा घुमारा उरला असता, आणि तो नंतर काढायचा तर स्टुडिओत संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करायला पुन्हा नट, पुन्हा वेळ, पुन्हा पैसे. रात्रीचे बाह्यचित्रण, गर्दी, दुसऱ्या दिवसासाठी तीच जागा पुन्हा मिळणे, रिटेक या सगळ्यांचे असेच आहे. ज्या प्रेक्षकाने हे कधी जवळून पाहिले आहे त्याचा हात कठोर मत लिहिताना अडखळतो, आणि त्याचे अडखळणे मी समजू शकतो. आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने बोलते. ‘बी’ चित्रपटाला ठरलेले भाडे तरी मिळे. आजच्या छोट्या चित्रपटाला जाहिरात नसते, आधार नसतो, आणि पहिल्या दोन दिवसांतल्या बऱ्यावाईट मतांवर त्याचे तिसऱ्या दिवसाचे खेळ ठरतात. अशा वेळी ‘भंगार’ हा एक शब्द लिहिणे सोपे असते आणि त्याची किंमत दुसऱ्याला चुकवावी लागते.

पण सांभाळून घेण्याला पहिली अडचण अशी की प्रेक्षकाला बजेट ठाऊकच नसते. त्याला ठाऊक असते ती बजेटची गोष्ट, आणि ती सांगणारा माणूस चित्रपट विकत असतो. रॉबर्ट रॉड्रिगेझचा ‘एल मारियाची’ (१९९२) अवघ्या ७,००० डॉलरमध्ये झाल्याची कथा सर्वांना पाठ आहे. ती खोटी नाही, अपुरी आहे: चित्रपटगृहात पोचण्यापूर्वी वितरक स्टुडिओने ध्वनी नव्याने सिद्ध करण्यावर आणि १६ मि.मी. वरून ३५ मि.मी. प्रती काढण्यावर मूळ खर्चाच्या कितीतरी पट रक्कम घातली. लोकांनी पाहिला आणि ‘सात हजारांत!’ म्हणून तोंडात बोट घातले, तो चित्रपट सात हजारांचा नव्हताच. त्याच्याही आधी, एडगर उल्मर यांचा ‘डिटूर’ (१९४५) सहा दिवसांत चित्रित झाल्याची आख्यायिका स्वतः उल्मर यांनीच सांगितली होती. अभ्यासकांच्या मते प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक दिवस लागले. दारिद्र्य हीसुद्धा एक जाहिरात असते. ज्या आकड्याची खात्री नाही त्याच्या ‘मानाने’ गुण द्यायचे, म्हणजे तराजूच दुकानदाराच्या हाती द्यायचा.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. सांभाळून घेण्याच्या भरात ज्या गोष्टींना एक छदामही लागत नाही, त्याही माफ केल्या जातात. त्याच चित्रपटाचे उदाहरण देतो. सुरुवातीला गुन्हेगार आपला फोन पाण्याने भरलेल्या बादलीत टाकतो; कॅमेरा त्या बुडणाऱ्या फोनवर चांगला पाच सेकंद रेंगाळतो. शेवटी अधिकारी त्याला पकडतो तो याच फोनवरून रात्री उशिरा गेलेल्या संदेशाच्या जोरावर. बादलीतला फोन संदेश कसा पाठवतो, याचा खुलासा नाही. ही उणीव पैशाअभावी राहिली काय? पटकथेचे ते पान फाडून दुसरे लिहायला एक संध्याकाळ पुरली असती. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम अर्ध्या थट्टेने घालून दिले, त्यात गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापुढेही लगेच ठेवला पाहिजे, असा एक नियम आहे. या नियमाचे पालन फुकट आहे. ते न केल्याबद्दल तिजोरीकडे बोट दाखवता येत नाही. तरीही ‘छोट्या चित्रपटात असे चालायचेच’ म्हणून या फोनवर पांघरूण घालणारी मते मी मोजली, ती सातआठ तरी होती. आणि पंख्याच्या आवाजावरून चित्रपटाला निकालात काढणारी त्याच्या दुप्पट. जे माफ करायचे त्याला फाशी आणि ज्याला जाब विचारायचा तो सुटला!

या दोन टोकांच्या मध्ये उणिवांचा तिसरा प्रकार आहे, जो कोणत्याच तटाला दिसला नाही: हातचा पैसा चुकीच्या जागी गेल्याची उणीव. या चित्रपटात मधेच ड्रोनमधून घेतलेली रात्रीच्या शहराची दृश्ये येतात, एकदा नव्हे तीनदा, आणि कथेत त्यांचे काहीही काम नाही. ती आली कारण मोठ्या चित्रपटांत असतात. त्या पैशांत ध्वनिमुद्रणाचा आणखी एक दिवस निघाला असता. छोटा चित्रपट गरीब दिसतो तो गरिबीमुळे नव्हे, श्रीमंतांचे कपडे अंगावर चढवल्यामुळे. क्रिस्टोफर नोलन यांनी पहिला ‘फॉलोइंग’ (१९९८) केला तेव्हा नट आपापल्या नोकऱ्या सांभाळून शनिवारी येत, आणि असे करत करत चित्रीकरण वर्षभर चालले. सर्वांत महाग वस्तू होती कच्ची फिल्म. म्हणून नाटकासारख्या तालमी करून प्रसंग आधी पक्के केले, म्हणजे एकदोन टेकमध्ये काम भागावे. प्रकाश मिळेल तो घेतला. तिथे पैसा कुठे वाचवायचा आणि त्याबदली घाम कुठे गाळायचा याचा निर्णय आधी झालेला होता. हा निर्णय पडद्यावर वाचता येतो, आणि प्रेक्षकाने तो वाचावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

सगळ्यांत जास्त वेळा आलेल्या एका तक्रारीविषयी वेगळे लिहायला हवे. ‘खुनी कोण ते मला मध्यंतरातच कळले.’ गुन्हेपटाविषयी बोलताना हे वाक्य आपण विजयी मुद्रेने उच्चारतो, जणू चित्रपट हे कोडे होते आणि आपण ते वेळेआधी सोडवून पेपर खाली ठेवला. पण कळले कशावरून? बहुतेकांनी प्रामाणिकपणे लिहिले होते: ‘त्याला उगाच कशाला घेतील?’ म्हणजे पाच पात्रांत ओळखीचा चेहरा एकच, त्यामुळे खून त्याच्याकडेच जाणार. हा गुन्ह्याचा तपास झाला नाही, हा पात्रयोजनेच्या खर्चाचा ताळेबंद झाला. संशयितांची संख्या ही बजेटची बाब आहे. वीस नामवंत नट एका घरात कोंडून ‘यातला कोण?’ असा खेळ मांडणे धनिकांनाच परवडते. पाच पात्रांच्या गोष्टीत धक्क्यावर भिस्त ठेवणे हीच मुळात पटकथेची चूक आहे आणि दोष द्यायचा तर तिथे द्यावा. खुनी लपवल्याशिवाय गोष्ट रंगत नाही, असे थोडेच आहे? आर. ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहात आधी गुन्हा घडताना दाखवला आणि मग तपास. वाचकाला सारे ठाऊक, उत्सुकता एवढीच की गुन्हेगार कुठे चुकला. दूरचित्रवाणीवरच्या ‘कोलंबो’ने हीच रीत वर्षानुवर्षे चालवली. तेव्हा ‘मला आधीच कळले’ हे मत अर्धवट आहे. कळल्यानंतर पाहावेसे वाटले का, हा त्याचा उरलेला अर्धा भाग आहे, आणि तो कोणी लिहीत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप येईल. एकेक मत कच्चे असेल, पण हजार मतांची सरासरी पक्की असते. कोणी फार उदार, कोणी फार कठोर, बेरजेत दोघेही विरून जातात. मोठ्या चित्रपटांपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. छोट्या चित्रपटाला मात्र हजार मते मिळतच नाहीत. चाळीस मतांत पंधरा मते चित्रपटाच्या चमूतल्यांच्या आप्तेष्टांची असली की सरासरी ही त्या घरच्या गोतावळ्याची मोजदाद होते. दुसरे असे की आकडा काय मोजतो हेच अनेकांना ठाऊक नसते. परीक्षणे गोळा करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर समीक्षकांचा जो टक्का दिसतो तो गुणांचा नसून अनुकूल परीक्षणांच्या प्रमाणाचा असतो, शंभरातल्या शंभरांना चित्रपट जेमतेम बरा वाटला तरी तिथे १०० टक्के दिसू शकतात. प्रेक्षकांच्या टक्क्यातही पाचपैकी साडेतीन किंवा जास्त तारे देणाऱ्यांचे प्रमाण मोजतात. अर्ध्यांना अतिशय आवडलेला आणि अर्ध्यांना अजिबात न आवडलेला चित्रपट आणि सर्वांनाच ठीकठाक वाटलेला चित्रपट यांच्या ताऱ्यांची साधी सरासरी काढली तर ती एकच येऊ शकते. पहिला मी आज रात्री पाहीन, दुसरा कधीच नाही.

पहिल्या दिवसाच्या मताला तर अपेक्षेची पुटे चढलेली असतात. अमेरिकेतली ‘सिनेमास्कोर’ ही संस्था पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांकडून कागदी पत्रिकेवर श्रेणी भरून घेते. २०१२ मध्ये ‘किलिंग देम सॉफ्टली’ या गुन्हेपटाला तिथे सर्वांत खालची ‘एफ’ श्रेणी मिळाली. नायक ब्रॅड पिट, हाती बंदूक. लोक गोळीबार पाहायला गेले, आणि पडद्यावर मारेकरी मजुरीच्या दरावर घासाघीस करत बसले होते, पाठीमागे २००८ च्या आर्थिक पडझडीवरची पुढाऱ्यांची भाषणे. ती श्रेणी खोटी नव्हती. प्रेक्षकांची निराशा खरीच होती. पण ती जाहिरात आणि चित्रपट यांच्यातल्या अंतराची श्रेणी होती, चित्रपटाची नव्हे. छोट्या थरारपटांची जाहिरात बहुधा ‘शेवट पाहून हादरून जाल’ अशीच असते, मग प्रेक्षक हादरण्याची वाट पाहत बसतो आणि न हादरल्याची वसुली करतो. तेव्हा या बाबतीत निर्मात्यांनीही फार तक्रार करू नये.

इथे मला स्वतःच्याच युक्तिवादातली एक फट दाखवली पाहिजे. ‘डिटूर’, ‘गन क्रेझी’, ‘फॉलोइंग’ ही नावे घेणे सोपे आहे, कारण ती टिकली. त्यांच्यासोबत त्याच तुटपुंज्या पैशांत झालेले कित्येक गुन्हेपट कोणाच्याही स्मरणात नाहीत, आणि त्यातले बहुतेक विसरण्याच्याच लायकीचे असणार. तंगीतून आपोआप कला उगवत नाही. तंगीतून बहुतेक वेळा तंगीच उगवते. म्हणून ‘आज नावे ठेवता, उद्या डोक्यावर घ्याल’ हा छोट्या चित्रपटांच्या कैवाऱ्यांचा आवडता इशारा मला पटत नाही. उद्याचे कोणाला माहीत? आज पडद्यावर जे आहे त्याविषयी बोलता येते, आणि तेवढे पुरेसे आहे.

त्या शंभर मतांमध्ये एक असे होते की ते मी पुन्हा वाचले. लिहिणाऱ्याने तारे दिले नव्हते, बजेटचा उल्लेख केला नव्हता, कोणाला सांभाळूनही घेतले नव्हते. मध्यावर नायक हात धूत असताना दिवे जातात आणि बराच वेळ फक्त नळाचा आवाज ऐकू येत राहतो, त्या प्रसंगाविषयी त्याने लिहिले होते: ‘नळ बंद करण्याचा आवाज आला नाही. दिवे आल्यावर तो बाहेरच्या खोलीत दिसला आणि नळ चालूच होता. खून त्या अंधारात झाला, हे मला तेव्हा कळले. पण मग पुढे फोनची भानगड कशाला आणली?’